पुलावातला बेदाणा कुठला?

काबुली पुलावाची परात समोर येते तेव्हा मटण कुठंच दिसत नाही. दिसतो तो सोनेरी-तपकिरी लांब भात, दाणा न् दाणा सुटा. त्यावर गाजराच्या केशरी काड्या, बदाम-पिस्त्याचे काप आणि तुपातेलात फुगून टपोरे झालेले बेदाणे. मटण सगळं भाताच्या ढिगाखाली दडवलेलं असतं. डाव आत घातला की हाडावरून सुटायला आलेले मोठे तुकडे वर येतात. अफगाणिस्तानात हा मानाचा पदार्थ आहे. लग्न असो, सण असो, घरी पाहुणा येवो, पुलाव हवाच.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या सांगलीच्या बेदाणा पट्ट्यातला माणूस मात्र त्या परातीकडे बघताना मटण शोधत नाही. त्याची नजर थेट बेदाण्यावर जाते.

हा पुलाव खायला आपल्याला पुणे नाही तर दिल्ली गाठावी लागते. पुण्यात कित्येक वर्षांपासून अफगाण विद्यार्थी शिकायला येतात आणि शिकणारी पोरं जिथं जमतात तिथं त्यांच्या गावाकडचं जेवण मागोमाग येतंच. दिल्लीत लाजपतनगरचा एक भाग तर अफगाण वस्तीमुळं नावाजलेला आहे. निर्वासित कुटुंबं, उपचारासाठी आलेले रुग्ण, त्यांचे नातेवाईक, दुकानांच्या पाट्यांवर दरी भाषेतली अक्षरं आणि तंदूरमधून निघणाऱ्या हातभर लांबीच्या नानचा वास. आपल्याकडच्या खानापूर, आटपाडी आणि माण-खटाव भागातली गलाई मंडळी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी माणसं, देशभर पसरलेली आहेत, तशी दिल्लीतही आहेत. माझा एक आतेभाऊ त्यांच्यातला. त्याच्याबरोबरच मी पहिल्यांदा लाजपतनगरात जेवलो. जेवण झाल्यावर हिरवा चहा आला आणि त्याबरोबर छोट्या वाटीत कोरडे हिरवे बेदाणे. दादानं एक उचलला, उजेडात धरला, बोटांत चुरगळून बघितला.

"ह्यो आपला न्हाय," तो म्हणाला. "त्येल लावलेलं न्हाय ह्याला. चकाकी कुठंय?"

चहा आणणाऱ्या पोराला विचारलं. त्यानं काबूलकडून आलेला माल म्हणून सांगितलं. दादाचं घर विट्याकडचं आणि मामाची बाग तासगावात. लहानपणी बेदाण्याच्या शेडवर रात्री जागलेला माणूस तो. त्याला नुसत्या स्पर्शावरून कळलं ते काय होतं, हे उलगडत गेलो तेव्हा मी थक्क होत गेलो. तेच इथं सांगायचं आहे.

बिनबियांच्या द्राक्षापासूनच सुरुवात करू. सांगली जिल्ह्यात बेदाण्यासाठी मुख्यतः थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेली वाणं लावली जातात. त्यातलं तास-ए-गणेश हे वाण तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेत हेरलं. थॉमसन हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या कॅलिफोर्नियातल्या एका बागायतदाराचं. पण जात त्याच्या कितीतरी आधीची, पश्चिम आणि मध्य आशियातली. तीच जगभर सुलताना, सुलतानिना, किशमिश अशा नावांनी हिंडते. या द्राक्षात बी धरायला सुरुवात होते, परागीभवन होतं, फलन होतं आणि मग इवलंसं असतानाच बी वाढायचं थांबतं. म्हणून खाताना ते दाताखाली येत नाही.

आता जिला बीच नाही ती वेल पसरणार कशी? एकच वाट आहे. काडी कापायची आणि दुसरीकडे लावायची, किंवा तिचा डोळा दुसऱ्या खुंटावर भरायचा. माणसाच्या हातानं काडी पुढं गेली तरच ही वेल पुढं जाते. मधूनमधून एखाद्या फांदीत आपोआप थोडासा बदल होतो आणि आर्व्यांच्यासारखी चोख नजर तो हेरते, तेव्हा नवं वाण मिळतं. तरीही तो बदल धरूनसुद्धा तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरीच्या बागेतली थॉमसनची वेल म्हणजे कोणा विसरल्या गेलेल्या माळ्यानं शतकांपूर्वी कापलेल्या त्याच वेलीची फांदी. तिची नात नव्हे, पणती नव्हे, तिचंच लाकूड. काबूलच्या उत्तरेला शोमालीच्या मैदानातली किशमिशीची वेलही त्याच गोतावळ्यातली. परातीतला बेदाणा त्यांचा असो की आपला, तो एकाच घरातून आलेला आहे. दिल्लीतल्या त्या जेवणानंतर कुठलाही बेदाणा तोंडात टाकताना मला हे आठवतं आणि दर वेळी तितकंच नवल वाटतं.

घर एक, पण दोन्हीकडचं आयुष्य अगदी वेगळं. अफगाणिस्तानात हिवाळ्यात बर्फ पडतं. वेल पानं गाळते, झोपते आणि वसंतात जागी होते. घड उन्हाळाअखेर ते शरदात उतरतात. आपल्याकडे थंडी तिला झोपवण्याइतकी पडतच नाही. मोकळी सोडली तर वेल नुसती वाढत राहील, घड धरणार नाही. म्हणून आपला शेतकरी वर्षातून दोनदा तिच्यावर कात्री चालवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. एका छाटणीनं काड्या तयार होतात आणि त्यांत पुढच्या घडांची घडण सुरू होते, दुसऱ्या छाटणीनंतर घड बाहेर येतात. बर्फ जे काम करतं ते तासगावात कात्री करते. थंड मुलखातल्या झाडाला उष्ण मुलखाचं पंचांग शिकवण्याचा हा उद्योग आपल्या माणसांनी इतका सहज अंगवळणी पाडला आहे की त्यातली अचाट कल्पकता आपल्याच ध्यानात येत नाही.

मग सुकवणं. दादा ज्या तेलाबद्दल बोलत होता ते डिपिंग ऑइल. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. आतलं पाणी तो बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तर द्राक्ष इतका वेळ टवटवीत राहतं. आपल्याकडे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवतात. त्यानं मेणाच्या थरातल्या बारीक पापुद्र्यांची मांडणी सैल होते आणि पाण्याला वाट मिळते. मग शेडमध्ये जाळीच्या रॅकवर एकावर एक थर पसरायचे, वरून ऊन अडवायचं आणि वारा मात्र मोकळा सोडायचा. पंधरवड्याच्या आसपास माल तयार होतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. ही रीत भूमध्य समुद्राकाठी फार जुनी आहे. तिकडे लाकडाची राख आणि ऑलिव्हचं तेल कालवून त्यात घड बुडवत. तीच ऑस्ट्रेलियात सुधारली गेली आणि तिथून आपल्याकडे आली. तेलाचा तो किंचित हात बेदाण्यावर उरतो. दादाच्या बोटांना तोच लागला नव्हता.

अफगाणांची रीत निराळी. कंदाहारच्या बाजूला द्राक्षबागांमध्ये मातीच्या जाड भिंतींच्या उंच खोल्या उभ्या दिसतात. भिंतींना ओळीनं उभट झरोके. यांना किशमिशखाना म्हणतात. आत लाकडी वाशांवर घड टांगायचे, द्रावण नाही, तेल नाही. जाड मातीमुळं आत सावली आणि झरोक्यांतून सतत वाहणारा कोरडा वारा. काही आठवड्यांत घड जागच्या जागी वाळतात. ऊन लागत नाही म्हणून हिरवा रंग टिकतो. या सावलीतल्या मालाला तिकडे सायगी म्हणतात, उन्हात वाळवलेल्या तांबूस-काळ्याला आफताबी आणि गरम पाण्यातून काढून वाळवलेल्याला आबजोश. या मातीच्या भिंती इतक्या भक्कम की गेल्या काही दशकांच्या लढायांत सैनिकांनी त्यांचा किल्ल्यागत आसरा घेतला आणि तोफगोळेही त्यांना सहजी भेदू शकले नाहीत. द्राक्षं वाळावीत म्हणून बांधलेल्या भिंतींवर ही वेळ यावी याचं फार वाईट वाटतं.

आणि तिथल्याच लोकांनी द्राक्ष न वाळवता टिकवण्याचीही युक्ती काढली आहे. गवत मिसळलेल्या चिखलाच्या दोन पसरट वाट्या थापायच्या, उन्हात वाळवायच्या, एकीत ताजी द्राक्षं भरायची, दुसरी वर उपडी घालून कडा ओल्या मातीनं बंद करायच्या आणि हे गाठोडं थंड, अंधाऱ्या जागी ठेवून द्यायचं. याला कांगिना म्हणतात. शरदात बंद केलेली द्राक्षं वसंतात, नवरोजच्या सुमाराला फोडून काढली तरी रसरशीत असतात. वीज नाही, बर्फ नाही. आतला प्राणवायू द्राक्षं हळूहळू वापरत जातात, मातीतून थोडीच देवघेव होते आणि फळाचं पिकणं जवळजवळ थांबतं. आज सांगलीतली शीतगृहं मोठाली यंत्रं लावून हवा थंड राखतात. त्यांच्या कामाचा काही भाग ही चिखलाची वाटी करते.

आता या सगळ्याच्या मुळाशी काय आहे ते बघा. पाऊस, किंवा खरं तर त्याचं नसणं. एकट्या सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटर गेलं की माण तालुक्यात तो जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. सह्याद्री ढग अडवतो आणि पलीकडे पर्जन्यछाया पडते. तीच छाया पुढं आटपाडी, जत, कवठेमहांकाळवर. या कोरड्या हवेनं पिढ्यान्पिढ्या माणसांना गाव सोडायला लावलं, गलाईच्या धंद्यात पाठवलं. आणि याच कोरड्या हवेत मार्च महिन्यात बेदाणा वाळतो. कोकणात तो बुरशी धरेल. तिकडे आपले मोसमी वारे जवळजवळ पोहोचतच नाहीत. काबूलला वर्षाला तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कंदाहारला दोनशेच्याही आत. आपल्या दुष्काळी पट्ट्याहूनही कोरडा मुलूख. तिथल्या माणसानं काय केलं? जे जे हाती आलं ते वाळवलं.

अफगाण जेवण समजून घ्यायची किल्ली मला इथं सापडली. नवख्या माणसाला ते जेवण मांसाचं वाटतं. माझ्या मते ते वाळवणाचं जेवण आहे. बेदाणा तर झालाच. जर्दाळू वाळवलेले. तुती वाळवलेली. पुदिना वाळवून चुरलेला. मांस वाळवलेलं. आणि ताकसुद्धा वाळवलेलं.

आपण एवढी वाळवणं करतो, कुरडया, पापड, सांडगे, ताकात भिजवून वाळवलेल्या मिरच्या. पण ताक एकटं वाळवून त्याचा दगड करायची कल्पना आपल्याकडे रुजली नाही. अफगाणिस्तानात तो दगड म्हणजे कुरूत. लोणी काढून राहिलेलं ताक आटवायचं, गाळून घट्ट करायचं, मीठ घालून त्याचे गोळे वळायचे आणि उन्हात ठेवायचे. पांढरेशुभ्र, कडक, महिनोन्महिने टिकणारे. पाणी उरत नाही, आंबटपणा आणि मीठ मुरलेलं असतं, मग त्याला नासवणार कोण? मेंढपाळ ते झोळीत टाकून डोंगरात जातो. जेवायच्या वेळी आतून खरबरीत असलेल्या मातीच्या भांड्यात थोडं पाणी घालून गोळा घासायचा, की पुन्हा दाट आंबट रस तयार. त्यात नान कुस्करायचा, वर कडकडीत तूप ओतायचं, वाळका पुदिना भुरभुरायचा. ही कुरूती. गरिबाघरचं जेवण आहे, हॉटेलच्या यादीत क्वचितच असतं.

या कुरूताची गाठ आपल्या साताऱ्याशी एका विलक्षण माणसानं घातली आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. मराठी माणूस त्याला ओळखतो तो पेशवाईच्या अखेरच्या काळातला पुण्याचा रेसिडेंट म्हणून, 1818 मध्ये प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवणारा कंपनीचा अधिकारी म्हणून. पण त्याआधी, 1808 च्या अखेरीला तो दिल्लीहून अफगाण दरबाराकडे वकील म्हणून निघाला होता आणि 1809 मध्ये पेशावरला शाह शुजाला भेटला. तिथं गोळा केलेल्या माहितीवरून त्यानं काबूलच्या राज्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, तो 1815 मध्ये प्रसिद्ध झाला. राजकारणाबरोबरच अफगाण लोक काय पेरतात, काय खातात, फळं किती स्वस्त मिळतात हे त्यानं बारकाईनं टिपलंय. सामान्य माणसाच्या जेवणात भाकर, तूप आणि कुरूत असतं, हेही त्यात आहे. आपल्याकडे अफगाण म्हटलं की 1758 ची अटकेची स्वारी आणि 1761 चं पानिपत एवढंच आठवतं, आणि ते विसरू नयेच. पण अफगाणांच्या ताटात काय असतं हे लिहून ठेवणारा माणूस काही वर्षांतच साताऱ्यात वावरला, ही गोष्ट मला त्या लढायांइतकीच सांगण्याजोगी वाटते.

हॉटेलात कुरूत भेटतो तो बहुधा मंतूच्या अंगावर. मैद्याची पातळ पारी, आत कांदा घातलेला खिमा, चार कोपरे चिमटून केलेल्या छोट्या घड्या, आणि त्या मोदकपात्रासारख्या मजल्यांच्या भांड्यात वाफवलेल्या. ताटलीत आधी लसूण घातलेलं दही किंवा कुरूत पसरायचं, त्यावर मंतू, वर डाळ आणि टोमॅटोचा थोडासा रस्सा, शेवटी वाळका पुदिना. तुर्कस्तानातली मांती आणि कोरियातली मांदू या त्याच्या बहिणी. मध्य आशियातले भटके टोळीवाले जिथं जिथं गेले तिथं तिथं ही घडी गेली असावी. मंतूच्याच शेजारी आशक मिळतो, त्यात खिम्याऐवजी गंदना भरतात. गंदना म्हणजे पातीच्या कुळातली चपट्या पानांची भाजी, कांद्याच्या पातीहून सौम्य आणि लसणीकडे झुकलेली. तोच गंदना किंवा बटाटा पातळ पोळीत भरून तेलावर भाजला की झाली बोलानी.

साताऱ्या-सांगलीची जीभ पहिल्या घासाला थबकते हे मात्र खरं. कांदा-लसूण मसाल्यावर वाढलेल्या माणसाला मुख्य पदार्थांत मिरचीचा पत्ताच लागत नाही. फोडणीही नाही. मग चव येते कुठून? पुलावाचंच बघा. कांदा तेलात जवळजवळ काळपट होईपर्यंत परततात. त्यातच मटण आणि पाणी घालून मंद शिजवतात. कांदा विरघळून जातो आणि त्याचा रंग, त्याचा जळकट गोडवा रश्श्यात उतरतो. भाताचा तपकिरी रंग हळद-केशराचा नव्हे, तो या कांद्याचा. तांदूळ सेला, म्हणजे साळ असतानाच उकडून मग सडलेला. त्यामुळं दाण्यातला स्टार्च आधीच घट्ट बसलेला असतो आणि रश्श्यात मुरूनही दाणा फुटत नाही. गाजराच्या काड्या वेगळ्या, थोड्या साखरेवर परतलेल्या. त्याच तेलात बेदाणे टाकले की ते फुगतात आणि पुढं भाताच्या वाफेवर आणखी टपोरे होतात, कारण त्यांच्यात जवळजवळ दोन तृतीयांश साखर असते आणि ती साखर सालीतून पाणी आत ओढून घेते. जिरं, वेलदोडा, दालचिनी, लवंग असे मोजके मसाले शेवटी, तेही हात आखडून. तोंडात चव एकदम भडकत नाही, ती हळूहळू चढते. अर्ध्या परातीपर्यंत धीर धरला की जीभ स्वतःच मिरची मागायची थांबते. तरीही हवीच असेल तर टेबलावर कोथिंबीर, हिरवी मिरची आणि व्हिनेगरची पातळ चटणी असते.

कृष्णाकाठच्या वांग्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी बोरानी बांजान आवर्जून मागवावी. वांग्याच्या जाड चकत्या तळून टोमॅटोत मुरवतात आणि लसणीच्या थंडगार दह्यावर घालून वाढतात. गरम आणि थंड एकाच घासात. आपलं भरीत चुलीच्या धुरावर उभं असतं. इथं धूर नाहीच, वांग्याचा लुसलुशीतपणा तेवढा पुढं केलाय. मला स्वतःला हा पदार्थ पुलावाहूनही आवडला.

हिंगाची गोष्ट तर सर्वांत चकित करणारी. आपल्या घरातला डबीतला हिंग मुळात येतो प्रामुख्यानं अफगाणिस्तान, इराण आणि आसपासच्या देशांतून. कोरड्या डोंगरउतारावर वाढणाऱ्या झुडपाच्या मुळाला चिरा देऊन त्यातून झिरपणारा चीक वाळवतात, तोच हिंग. रोपाला चीक देण्याजोगं व्हायलाच सुमारे पाच वर्षं लागतात. भारतात तो पिकवण्याचा पद्धतशीर प्रयत्न हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या संशोधन संस्थेनं 2020 मध्ये सुरू केला. एवढा तो आपल्या वरणात, आमटीत, लोणच्यात हवा असतो. आणि अफगाण स्वयंपाकघरात? रोजच्या जेवणात तो जवळजवळ नाहीच. त्याची एक ठरलेली जागा आहे, लांदीत. हिवाळ्याच्या तोंडाला पोसलेली मेंढी कापतात, लोकर काढून कातडीसकट मांसाला मीठ आणि हिंग चोळतात आणि थंड वाऱ्यात टांगून वाळवतात. ज्यांच्या डोंगरावर हिंग उगवतो ते त्यानं मांस राखतात, आणि ज्यांच्या मातीत तो कधी उगवलाच नाही ते आपण त्याच्याशिवाय फोडणी घालत नाही.

मेंढीचा विषय निघालाच आहे तर चोपान कबाबही बघा. चोपान म्हणजे मेंढपाळ. मांसाचे तुकडे आणि मध्ये मध्ये दुंब्याच्या शेपटीतल्या चरबीचे तुकडे, मिठापलीकडे फारसं काही न लावता निखाऱ्यावर. दुंबा ही जाड शेपटीची मेंढी. उंटाचं वशिंड ज्यासाठी असतं त्याच कामासाठी तिनं शेपटीत चरबी साठवलेली असते. चारा नसण्याच्या काळाची तरतूद. आपल्या जत तालुक्यातली माडग्याळ मेंढीही दुष्काळात तगणारी, बाकदार नाकाची, उंच, चालायला दमदार. तिची शेपटी मात्र बारीक. माडग्याळच्या बाजारात या मेंढ्यांची पारख करणाऱ्या धनगराला चोपान कबाबच्या ताटासमोर बसवावं आणि त्याचं मत ऐकावं, अशी माझी फार इच्छा आहे.

गाजराचाही मान ठेवायला हवा. गाजर माणसानं पहिल्यांदा शेतात आणलं ते आजच्या अफगाणिस्तानाच्या आसपास, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. सुरुवातीची गाजरं जांभळी आणि पिवळी. केशरी गाजर नंतर युरोपात घडलं. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह 1924 मध्ये पिकांची मूळ घरं शोधत अफगाणिस्तानात हिंडला, तेव्हा तिथली विविधता बघून त्यानं तो मुलूख अनेक पिकांच्या जन्मस्थानांत गणला. महाबळेश्वरच्या रस्त्याकडेला आपण पाल्यासकट विकत घेतो त्या कोवळ्या गाजरांचं माहेर हेच. तिथंच गाजराच्या शेजारी तुतीही विकायला असते, हातात घेतली की बोटं रंगतात. महाबळेश्वरच्या दमट हवेत तुती वाळणं कठीण, म्हणून तिचं सरबत आणि जॅम होतं. अफगाण डोंगरात पांढरी तुती छपरावर वाळते, मग ती अक्रोडाबरोबर कुटून तिच्या घट्ट वड्या करतात. त्याला तलखान म्हणतात. लांबच्या प्रवासाला मूठभर पुरे.

बाजारात मात्र हे गोतावळ्याचं नातं सुखाचं नाही. अफगाण सुकामेव्याला सार्क देशांमधल्या करारामुळं आयात शुल्कात सवलत मिळते आणि तो माल आला की तासगाव-सांगलीच्या सौद्यांत दराची काळजी सुरू होते. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनानं दर धरून ठेवता येत नाही. अवकाळी पावसाच्या एका रात्रीत शेडवरचा माल काळा पडलेला बघितलेल्या शेतकऱ्याला परदेशी मालाचं कौतुक ऐकवणं सोपं नाही, आणि मला त्याची बाजू पूर्ण कळते. तिकडचा बागायतदारही युद्धातून, दुष्काळातून बाग जगवत आलेला आहे. या दोघांना एकमेकांचे शेड बघायला मिळाले तर ते कितीतरी वेळ बोलत बसतील याची मला खात्री आहे.

अफगाण नववर्ष, नवरोज, 21 मार्चच्या आसपास येतं. आपला पाडवाही त्याच सुमाराला. त्या दिवशी तिकडे हफ्त मेवा करतात. सात प्रकारचा सुकामेवा, त्यात हिरवे आणि काळे बेदाणे, जर्दाळू, बदाम, पिस्ते, अक्रोड आणि संजिद नावाचं पिठूळ फळ, धुऊन गार पाण्यात दोन-तीन दिवस भिजत ठेवायचा. चूल पेटवायची नाही, साखर घालायची नाही. बेदाण्यातला गोडवा पाण्यात उतरतो आणि त्याचाच पाक होतो. वर्षभर जे वाळवलं त्याला पुन्हा पाणी द्यायचं, असा हा सण. गंमत अशी की काबूलमध्ये हा बेदाणा गेल्या शरदातला असतो, आणि आपल्याकडे नेमक्या याच दिवसांत नवा माल शेडवरून खाली उतरत असतो. संजिद इथं मिळणार नाही, त्याऐवजी खारीक घ्या. बाकी सगळं सांगलीच्या गणपती पेठेत मिळेल. बदाम-अक्रोडाची सालं भिजल्यावर काढायला विसरू नका, नाही तर पाणी तुरट होतं.

अफगाण हॉटेलात जायचा योग आला तर चौघांनी जा. ताटं मोठी असतात आणि एकट्याला एकच पदार्थ खाऊन परतावं लागतं. एक काबुली पुलाव, एक मंतू, एक बोरानी, एक बोलानी एवढं मागवलं की पोट भरतं. पाण्याऐवजी दोघ घ्या, म्हणजे वाळका पुदिना आणि काकडी घातलेलं ताक. नान वेगळा सांगावा लागत नाही, तो येतोच. बसायला गालिच्याचं तख्त असेल तर खुर्ची सोडून तिथं मांडी घाला. मालकाला बेदाणा कुठला हे जरूर विचारा, या प्रश्नावर माणसं खुलतात. आणि कुरूती यादीत दिसली, तर बाकी सगळं नंतर, आधी ती सांगा.